चांद्रशिलांची कैफियत

१७९८ सालच्या डिसेंबर महिन्याच्या १९ तारखेस, रात्री आठाच्या सुमारास, आठवडाभर ढगाचे नावही नसलेल्या आकाशात काशीच्या व तिच्या आसमंतातील गावांच्या लोकांनी एक मोठा अग्निगोल पाहिला, पाठोपाठ मेघगर्जनेसारखा ध्वनी ऐकला, आणि काशीपासून सुमारे १४ मैलांवर, गोमतीच्या उत्तर तीरावरील क्राखूट नावाच्या गावाच्या शिवारात दगडांचा वर्षाव झाला. शेतकरी रानात गेले तेव्हा जागोजाग माती उसकटलेली त्यांना आढळली, आणि तेथे वीतभर खणताच वरून काळ्या सालीचे व आतून करड्या रंगाचे दगड हाती आले; एक दगड तर कोणा चौकीदाराच्या झोपडीचे छप्पर भेदून आतल्या जमिनीत रुतला होता. कंपनी सरकारच्या अंमलदारांनी माणसे धाडून हे दगड मिळविले, गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले, आणि जॉन लॉइड विल्यम्स या गृहस्थाने दिवस, प्रहर, गाव, अंतर, जमिनीत दगड किती खोल गेला, येथपर्यंतचा सर्व वृत्तान्त विलायतेस कळविला. तेथे एडवर्ड हॉवर्ड या रसायनज्ञाने या दगडांचे पृथक्करण करून, यॉर्कशायर, इटली व बोहेमिया येथे पडलेल्या दगडांशी त्यांची तुलना केली, त्यांतील लोहकणांत निकेल सापडल्याचे दाखविले, आणि परस्परांपासून हजारो कोस दूर पडलेले हे दगड एकाच कुळातील आहेत हे १८०२ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. आकाशातून दगड पडतात ही गोष्ट खेडवळांची भाकडकथा मानणाऱ्या युरोपीय विद्वत्तेस जी कबुली पुढे द्यावी लागली, तिच्या पुराव्यात क्राखूटच्या शेतकऱ्यांचा वाटा असा मोलाचा आहे.

आपल्या जुन्या दप्तरखान्यांत ज्याला कैफियत म्हणत, ती या दगडांना पडल्याबरोबर लाभली. गावाची, वतनाची किंवा देवस्थानाची कैफियत म्हणजे ते कोठून आले, कोणाच्या हातून कोणाकडे गेले, त्यावर कोणाचा हक्क पोचतो याचे साद्यंत निवेदन. आकाशातून आलेल्या दगडाची कैफियत लिहून घेण्याची रीतही या देशाला नवी नव्हती. १६२१ साली जालंधर परगण्यात तप्त लोखंडाचा गोळा पडला तेव्हा तेथील आमील महंमद सईद याने ती जागा पाहिली, करपलेली जमीन खणवून लोखंड बाहेर काढविले, थैलीत मोहोरबंद करून हुजुरास पाठविले. आणि जहांगीर बादशहाने ते समक्ष तोलवून १६० तोळे भरल्याची नोंद आपल्या आत्मवृत्तात करून ठेवली. उस्ताद दाऊद याच्याकडे ते घडणावळीस दिले असता हातोड्याखाली ते फुटू लागले, म्हणून त्यात एक हिस्सा साधे लोखंड मिसळावे लागले आणि मग त्याच्या तलवारी झाल्या, हेही बादशहाने लिहून ठेवले आहे.  त्या लोखंडाची कैफियत अशी चारशे वर्षे टिकून आहे.

क्राखूटच्या दगडांचा चंद्राशी संबंध जोडला गेला तो याच सुमारास. ते पृथ्वीचे नव्हेत एवढे ठरल्यावर ते कोठले, हा प्रश्न उरलाच. १७९४ साली अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन पदार्थवेत्त्याने हे दगड अवकाशातून येतात असे प्रतिपादन केले होते; पण त्या काळच्या पुष्कळ पंडितांना रिकाम्या अवकाशात भटकणाऱ्या दगडांपेक्षा शेजारच्या चंद्रावरील ज्वालामुखींची कल्पना अधिक सयुक्तिक वाटली. विल्यम हर्शेल याने चंद्राच्या अंधाऱ्या भागात ज्वालामुखी धगधगताना पाहिल्याचे १७८७ साली जाहीर केलेच होते. चंद्राचे गुरुत्व अल्प, त्यास वातावरण नाही, तेव्हा तेथील ज्वालामुखीने जोराने फेकलेला दगड परत चंद्रावर न पडता पृथ्वीच्या कक्षेत येऊ शकेल असे ओल्बर्स या खगोलज्ञाने सुचविले आणि लाप्लाससारख्या गणितज्ञाने त्या तर्कास आपल्या नावाचे वजन दिले. पुढे अशा आकाशातून पडणाऱ्या दगडांचे, म्हणजे अशनींचे, वेग मोजले जाऊ लागले तसतसे चंद्राच्या अंगी ते वेग देण्याचे सामर्थ्य नाही हे ध्यानात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही उपपत्ती मागे पडली. क्राखूटचे दगड चंद्रावरचे नव्हते. ते लघुग्रहांच्या कुळातले सामान्य अशनी होते. त्यांची पृथ्वीवरील कैफियत अक्षरशः खरी असूनही आकाशातला त्यांचा पत्ता विद्वानांनी चुकीचा लिहिला होता.

खरोखरीच चंद्रावरून आलेली पहिली शिला ओळखली जाण्यास क्राखूटच्या पातानंतर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि मधल्या काळात माणूस स्वतः चंद्रावर जाऊन तेथील दगड घेऊन आला होता हे विसरता येत नाही. १९६९ ते १९७२ या अवधीत अपोलोच्या सहा स्वाऱ्यांनी ३८२ किलोग्रॅम दगडमाती आणली; रशियाच्या तीन स्वयंचलित यानांनी मिळून सुमारे एक तृतीयांश किलोग्रॅम आणली. हा संग्रह हाताशी नसता तर पृथ्वीवर पडलेली चांद्रशिला कशावरून ओळखायची याचे प्रमाणच विज्ञानाजवळ नसते. नाणे खरे की खोटे हे ठरविण्यास जशी टांकसाळीतली अस्सल मोहोर समोर असावी लागते, तसे येथे झाले.

१९६९ सालीच एका जपानी पथकाला अंटार्क्टिकातील यामातो पर्वतांच्या पायथ्याशी निळ्या बर्फावर नऊ अशनी सापडले होते, आणि ते निरनिराळ्या जातींचे असल्यामुळे एकाच वेळी पडलेले नव्हेत, तर बर्फाच्या संथ प्रवाहाने दूरदूरून वाहून आणून पर्वताच्या अडसरापाशी साठविलेले आहेत, हे उघड झाले होते. बर्फ तेथे अडतो, वारा त्याचा वरचा थर झिजवितो, आणि सहस्रावधी वर्षे पोटात राहिलेले दगड उघडे पडतात. हे वर्म कळल्यावर पिट्सबर्ग विद्यापीठाच्या विल्यम कॅसिडी यांनी १९७६ पासून अमेरिकेची पथके दर उन्हाळ्यात तेथे नेण्यास आरंभ केला. १८ जानेवारी १९८२ रोजी ॲलन हिल्सजवळील बर्फाच्या मैदानात जॉन शूट व इयन व्हिलन्स या दोघांना एक अक्रोडाएवढा, हिरवट तपकिरी सालीचा, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड आढळला. त्याचे वजन ३१.४ ग्रॅम भरले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील ब्रायन मेसन या वृद्ध खनिजतज्ज्ञाने त्याचा काप पाहताच त्यातील पांढरे तुकडे चंद्राच्या उच्चभूमीतील अनॉर्थोसाइट खडकासारखे आहेत असा शेरा लिहिला. आणि १९८३ च्या मार्चमध्ये ह्यूस्टन येथील परिषदेत निरनिराळ्या प्रयोगशाळांनी आपापले निष्कर्ष मांडले तेव्हा ऑक्सिजनच्या समस्थानिकांपासून लोह व मँगनीजच्या प्रमाणापर्यंत प्रत्येक साक्ष एकाच बाजूने पडली. एखाद्या नव्या दाव्याविषयी विद्वत्सभेत इतके एकमत होणे विरळा. विशेष असे की जपान्यांच्या संग्रहात १९७९ च्या नोव्हेंबरात सापडलेली अशीच एक शिला आधीच पडून होती. तिची ओळख मात्र नंतर पटली. आघाताच्या तडाख्याने दगड वितळून न जाता, सेकंदाला २.४ किलोमीटरचा वेग घेऊन चंद्राचे बंधन तोडू शकतो ही गोष्ट, जी तोवर अनेकांना असंभाव्य वाटे, या मूठभर दगडाने सिद्ध केली. लाप्लासचा ज्वालामुखी खोटा ठरला. पण चंद्रावरून दगड येतात हे त्याचे म्हणणे खरे निघाले.

चंद्राच्या मुखावर आपल्या पूर्वजांनी ससा पाहिला म्हणून त्याला शशांक म्हटले, हरीण पाहिले म्हणून मृगांक म्हटले. ज्या उजळ भागावर हे लांछन उमटले आहे तो प्रायः अनॉर्थोसाइटचा आहे, आणि ससा ज्याचा झाला आहे तो खडक बेसाल्ट, म्हणजे ज्या जातीच्या काळ्या कातळाने आपला सह्याद्री घडला त्याच जातीचा. चंद्रावरून उल्काघाताने दगड कसे उधळले जातात याचा अभ्यास करणाऱ्यांची दृष्टी बुलढाणा जिल्ह्यातील लोणारकडे वळली ती याच कारणाने. बेसाल्टच्या थरांत आघाताने झालेली विवरे पृथ्वीवर फार थोडी, १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार हे त्यांतले उत्तम. १९७३ साली भारतीय व अमेरिकन संशोधकांनी तेथील आघातजन्य काच व भेगाळलेल्या खडकांची चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी तुलना करून हे सरोवर ज्वालामुखीचे नसून आघाताचे आहे हे सप्रमाण दाखविले. म्हणून लोणारच्या कड्यावर उभे राहणारा मराठी माणूस चंद्रावरील एका विवराच्या काठी उभा आहे असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अगदी अलीकडे, २०२३ च्या ऑगस्टात चांद्रयान ३ च्या फिरत्या गाडीने चंद्राच्या दक्षिणेकडील भूमीवर २३ ठिकाणी मातीची परीक्षा केली आणि तीही अनॉर्थोसाइटच्या वळणाची असल्याचे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या उपकरणाने सांगितले.

अंटार्क्टिकातील शिला कोणाच्या खाजगी मालकीच्या होत नाहीत. तेथे आंतरराष्ट्रीय करार आहे. शोधणारा वेतनी संशोधक, वाहून नेणारे सरकार आणि ठेवणारी सार्वजनिक संस्था. व्यापार सुरू झाला तो ऑस्ट्रेलियाच्या एका दगडापासून. १९६० साली पश्चिम ऑस्ट्रेलियात विलुना परिसरात मिलबिलिली नावाचा अशनी पडला होता, आणि त्याचे तुकडे तेथील आदिवासी पुढे पुष्कळ वर्षे वेचून विकत असत. टूसॉन येथील प्रसिद्ध अशनी व्यापारी रॉबर्ट हाग याने घेतलेल्या अशा मालात १९ ग्रॅमचा एक दगड वेगळा दिसला. त्याने तो ॲरिझोना विद्यापीठात तपासावयास दिला आणि १९९१ साली जाहीर झाले की अंटार्क्टिकाबाहेर मिळालेली ही पहिली चांद्रशिला. तिला कॅल्कलाँग क्रीक हे नाव मिळाले. पण ती नक्की कोठे उचलली गेली हे कोणालाच ठाऊक नाही. ज्या आदिवासी बाईने अगर बाप्याने वाळूतून ती वेचली त्याचे नाव कोणी लिहून घेतले नाही. व्यापाऱ्याचे नाव शोधनिबंधावर आहे. चांद्रशिलांच्या खाजगी व्यापाराचा आरंभच असा अपुऱ्या कैफियतीने झाला, आणि पुढच्या सर्व इतिहासावर त्याची छाया पडली आहे असे मला वाटते.

पुढची पाने सहारात लिहिली गेली. १९९७ साली लिबियातील दार अल गनी या फिकट चुनखडीच्या पठारावर ५१३ ग्रॅमची चांद्रशिला मिळाली आणि पुढच्याच वर्षी तेथे त्याहून मोठी, १,४२५ ग्रॅमची मिळाली. वाळवंटाचा गुण हा की पाऊस नसल्याने लोखंड लवकर गंजत नाही, माती साचून दगड गाडला जात नाही, आणि गोट्यांनी भरलेल्या सपाट जमिनीवर काळी साल दुरून डोळ्यांत भरते. मोरोक्कोच्या पूर्वेकडील एर्फूद, रिसानी, दक्षिणेकडील झागोरा, तागुनित इत्यादी गावांत जीवाश्मांचा व्यापार आधीपासून होता. तेथील दलालांना अशनीला गिऱ्हाईक आहे हे कळताच ती वार्ता उंटांच्या तांड्यांबरोबर मोरोक्कोची हद्द ओलांडून अल्जिरिया, पश्चिम सहारा, मॉरिटानिया, माली येथपर्यंत पोचली, आणि शेळ्या चारणारी मुले, तंबूतील स्त्रिया, पाण्याच्या शोधात दिवसेंदिवस चालणारे बेडुईन, हे सर्व जगातले सर्वांत तरबेज अशनीशोधक झाले. पहिल्या काळात ते लोहचुंबक लावून पाहत, कारण बहुतेक अशनींत लोखंड असते. चांद्रशिलेत ते जवळजवळ नसते. त्यामुळे किती शिला साधे दगड म्हणून परत वाळूत टाकल्या गेल्या असतील याचा हिशेब आता कोणी करू शकणार नाही. पुढे जड की हलका, साल कशी, तुटल्या जागी पांढरे खडे दिसतात की नाही, हे ती माणसे डोळ्यांनीच पारखू लागली. विद्यापीठात शिकविली जाणारी विद्या त्यांनी उपासमारीच्या शाळेत मिळविली, आणि त्यांच्या या कौशल्याला मी मनापासून मान देतो.

माल कसा फिरतो हे पाहिले म्हणजे कैफियत कोठे गळते ते कळते. भटक्या माणसाने दगड जवळच्या वस्तीतील दुकानदारास विकला, त्याने एर्फूदच्या अडत्यास, अडत्याने परदेशी व्यापाऱ्यास. व्यापाऱ्याने तो टूसॉनच्या वार्षिक खनिज प्रदर्शनात अगर फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील एन्सिसहाइमच्या जत्रेत मांडला. एन्सिसहाइम हे तेच गाव, जेथे १४९२ साली पडलेला अशनी आजही जतन केलेला आहे. प्रत्येक हातबदलात किंमत वाढते आणि माहिती घटते. पहिला विक्रेता जागा सांगत नाही, कारण तेथे आणखी तुकडे असतील तर ते त्यालाच हवेत. दुसरा सांगत नाही, कारण ती जागा परक्या मुलखाच्या हद्दीत असली तर मालच जप्त व्हावयाचा. तिसऱ्यास ती ठाऊकच नसते. शेवटी दगड प्रयोगशाळेत पोचतो तेव्हा त्याच्यासोबत फक्त ‘मोरोक्कोत खरेदी’ एवढाच दाखला असतो.

मीटिऑरिटिकल सोसायटी या अशनी-अभ्यासकांच्या संस्थेच्या नामकरण समितीपुढे हा पेच आला. जगभरची वहिवाट अशी की अशनीला तो ज्या गावाजवळ सापडला त्याचे नाव द्यावयाचे. ज्याचे गावच अज्ञात, त्याला नाव कोणते द्यावे? समितीने २००० सालाच्या सुमारास ‘वायव्य आफ्रिका’ हे एकच नाव ठरवून पुढे अनुक्रमांक घालण्याची तोड काढली. आज त्या नावाचे हजारो अशनी आहेत. समितीने दुसरा नियम मात्र चांगला घातला: नाव मिळवावयाचे तर २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, यांपैकी जे कमी असेल तेवढे, मान्यताप्राप्त संस्थेत कायमचे जमा करावे लागते. विद्येचा हा हिस्सा व्यापाऱ्यांनी बहुतेक निमूटपणे भरला, आणि त्यामुळेच खाजगी तिजोऱ्यांत गेलेल्या शिलांचाही अंश अभ्यासकांच्या हाती राहिला. २०१९ च्या मध्यापर्यंत नोंदलेल्या चांद्रशिला ३७१ झाल्या होत्या आणि त्यांचे एकूण वजन १९० किलोग्रॅमच्या वर गेले होते. अंटार्क्टिकाचा वाटा त्यात अल्प आहे, बाकी सारे वाळवंटाचे देणे. पण ३७१ क्रमांक म्हणजे ३७१ पात नव्हेत. चंद्रावरून सुटलेला एकच दगड वातावरणात फुटून दहा तुकडे झाले, ते दहा तुकडे दहा माणसांनी दहा दलालांस विकले, तर त्यांना दहा क्रमांक मिळतात. आणि ते मुळात एक होते की काय, हे रसायनशास्त्रावरून अनुमानाने ठरवीत बसावे लागते. ते कोठे कोठे पडले होते एवढे कोणी लिहून ठेवले असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

येथे कोणी विचारील की शिला पृथ्वीवर कोठे पडली यावरून ती चंद्रावर कोठून निघाली हे तर कळत नाही, मग या पत्त्याला एवढे महत्त्व कशासाठी? शंका रास्त आहे. चंद्रावरील स्थान शिलेच्या अंतरंगावरूनच काढावे लागते, आणि किंबहुना चांद्र अशनींचे मोल यातच आहे की अपोलो व रशियन याने चंद्राच्या समोरच्या बाजूच्या एका मर्यादित पट्ट्यातच उतरली, तर अशनी हे चंद्राच्या कोणत्याही भागातून, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या पलीकडच्या अर्धगोलातूनसुद्धा, आलेले असतात. तरीही पृथ्वीवरचा पत्ता लागतो तो सोबतचे तुकडे शोधण्यासाठी, एका पातात किती माल आला ते ठरविण्यासाठी, शिला येथे किती काळ ऊनवारा खात पडली हे जाणण्यासाठी, आणि अखेर ती कोणाच्या भूमीची हे सांगण्यासाठी. यांतली शेवटची गोष्ट शास्त्रज्ञ टाळतात; इतिहासकाराने ती टाळू नये.

किमतींचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे. अपोलोचे दगड अमेरिकन सरकारची मालमत्ता. त्यांची खरेदीविक्री कोणास करता येत नाही. तो नियम किती कडक याचा प्रत्यय १९९८ साली आला. अमेरिकेने होंडुरास देशाला भेट दिलेला, एका ग्रॅमहून किंचित जास्त वजनाचा चांद्रखंड कोणी ५० लाख डॉलरांस विकू पाहत होता; तेव्हा सरकारी माणसांनी गिऱ्हाईक बनून तो मायामीत हस्तगत केला, आणि पुढे तो होंडुरासला परत करण्यात आला. कायदेशीर विक्री झाली ती रशियाच्या कणांची. १९७० साली लूना १६ यानाने आणलेल्या मातीतील तीन सूक्ष्म खडे सोव्हिएत सरकारने अवकाशयंत्रांचा महान अभियंता सर्गेई कोरोल्योव याच्या विधवा पत्नीस भेट दिले होते. ०.२ ग्रॅमचे ते खडे १९९३ साली न्यूयॉर्कच्या सदबीज पेढीच्या लिलावात ४,४२,५०० डॉलरांस गेले आणि २०१८ च्या नोव्हेंबरात तेथेच पुन्हा ८,५५,००० डॉलरांस विकले गेले. म्हणजे ग्रॅमला सुमारे पावणेत्रेचाळीस लाख डॉलर पडले. त्याच्या आदल्याच महिन्यात, बॉस्टन येथील एका लिलावात, मॉरिटानियाच्या वाळवंटात सापडलेली, सहा तुकड्यांची, साडेपाच किलोग्रॅम वजनाची चांद्रशिला ६,१२,५०० डॉलरांस विकली गेली. तिचा दर ग्रॅमला एकशे अकरा डॉलरांच्या आसपास पडतो. २०२० साली लंडनच्या ख्रिस्तीज पेढीने साडेतेरा किलोग्रॅमची शिला २० लाख पौंडांस विक्रीस मांडली, तेव्हाही ग्रॅमला दीडशे पौंडांहून कमीच.

रशियाचे खडे आणि मॉरिटानियाची शिला, दोन्ही वस्तू चंद्राच्याच, दोन्हींची प्रयोगशाळेत खात्री झालेली, आणि दरात अडतीस हजार पटींचे अंतर! हे अंतर दगडाचे नाही. एका खड्यासोबत यानाचे नाव आहे, उतरल्याची जागा आहे, सरकारी भेटीचा कागद आहे, कोरोल्योवच्या घराण्याची मालकी आहे. दुसऱ्यासोबत वाळूशिवाय काही नाही. बाजाराइतका हिशेबी परीक्षक दुसरा नाही, आणि त्या बाजारानेच कैफियतीचे मोल दगडाच्या मोलाहून सहस्रपट ठरविले आहे. मॉरिटानियाच्या त्या शिलेविषयी एक गोष्ट मात्र येथे आदराने नोंदवावीशी वाटते. ती व्हिएतनाममधील तेव्हाच्या हा नाम प्रांतातील ताम चुक पॅगोडासाठी घेतली गेली. चंद्राला देव मानणाऱ्या आपल्यासारख्या समाजाला, चंद्राचा तुकडा एखाद्या धनिकाच्या तिजोरीत न जाता देवळात लोकांच्या दर्शनास ठेवला जावा, यातली भावना समजावून सांगावी लागणार नाही.

कैफियत संपूर्ण असली म्हणजे एक लहानशी शिला काय काय सांगू शकते, याचे उदाहरण ओमानने दिले. तेथील सरकारने आपल्या वाळवंटातील अशनी परदेशी व्यापाऱ्यांच्या पोत्यांतून जाऊ लागल्याचे पाहून त्यांवर निर्बंध घातले आणि स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांबरोबर संयुक्त शोधमोहिमा काढल्या. १६ जानेवारी २००२ रोजी त्या पथकास साय्ह अल उहैमीर या भागात २०६ ग्रॅमची, हिरवट करड्या रंगाची शिला मिळाली. जागा जेथल्या तेथे मोजून लिहिली गेली. आजूबाजूची माती, सोबतचे दगड यांचीही नोंद झाली. बर्नच्या प्रयोगशाळेत परीक्षा होऊन २००४ साली जो वृत्तान्त प्रसिद्ध झाला तो वाचताना एखाद्या पुराण्या घराण्याची वंशावळ वाचत असल्यासारखे वाटते: ३९० कोटी वर्षांपूर्वी ज्या महाघाताने चंद्रावर इंब्रियम नावाचे विस्तीर्ण खोरे झाले त्या आघातात या खडकाचा जन्म, मग चंद्रावरच आणखी आघात, स्थलांतर, मातीत गाडले जाणे, गेल्या ३ लाख ४० हजार वर्षांच्या आत केव्हातरी चंद्रावरून सुटका, आणि सुमारे ९,७०० वर्षांपूर्वी अरबस्तानात आगमन. युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे तिच्यातील विलक्षण प्रमाण यानांनी काढलेल्या नकाशांशी ताडून ती लालांद नावाच्या विवराच्या परिसरातली असावी, इतपर्यंत पत्ता लावता आला. चंद्र व पृथ्वी या दोन्ही टोकांची कैफियत जिची जुळली, अशी शिला विरळा; आणि ही शिला बाजारातून आलेली नाही, हे विसरून चालणार नाही.

तेवढ्यावरून व्यापाऱ्यांना सरसकट दोष देणे मात्र मला अन्यायाचे वाटते. त्यांनी पैसे दिले नसते तर सहारातील शेकडो चांद्रशिला आजही वाळूतच पडून राहिल्या असत्या; पलीकडच्या अर्धगोलाविषयी जी माहिती आज शास्त्रास आहे तिचा मोठा भाग त्यांच्या पायपिटीमुळे मिळाला. ज्या देशांनी व्यापार नुसता बंद केला तेथे व्यापार थांबला नाही. तो चोरवाटेने शेजारच्या बाजारात गेला, आणि जाताना त्याने जागेचा दाखला पुसून टाकला. बंदीपेक्षा नोंदणीचा मार्ग अधिक फलदायी आहे हे मोरोक्कोतील अनुभवावरून दिसते. कॅसाब्लांकाच्या हसन द्वितीय विद्यापीठातील प्राध्यापिका हस्ना शेन्नावी औजहान यांनी वर्षानुवर्षे वाळवंटातील शोधकांत मिसळून, पात झाल्याबरोबर जागेवर जाऊन, साक्षीदारांशी त्यांच्याच भाषेत बोलून, मोरोक्कन गावांची नावे पुन्हा अशनींच्या सूचीत आणली आहेत. क्राखूटमध्ये जे काम परक्या अंमलदारांनी केले ते येथे भूमिकन्येने केले, आणि म्हणून ते अधिक सकस झाले आहे.

आपल्या देशात चांद्रशिला अजून सापडलेली नाही. पाऊसपाणी, शेती आणि दाट वस्ती यांच्या देशात ती सापडणे दुष्करच आहे. पण थारचे वाळवंट आणि कच्छ आपलेच आहेत, आणि तेथेही शेळ्या चारणारी तीक्ष्ण डोळ्यांची मुले आहेत. चंद्रावरून येणारा दगड आकाशातून पडताना अद्याप जगात कोणीही पाहिलेला नाही. जेवढ्या चांद्रशिला मिळाल्या तेवढ्या साऱ्या पडून जुन्या झालेल्या. तेव्हा वाचकांपैकी कोणाला वाळवंटात, माळावर, कोरड्या पात्रात अनोळखी काळ्या सालीचा दगड आढळला, तर त्याने तो उचलण्याआधी ती जागा, तो दिवस, सोबतच्या माणसांची नावे लिहून ठेवावीत, जेथे पडला तेथेच त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि मग तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जवळच्या कचेरीत नेऊन द्यावा. आणि ज्याला तो एखाद्या गुराख्याकडून मिळाला असेल, त्याने त्या गुराख्याचे नाव कागदाच्या पहिल्या ओळीत लिहावे.